कलोपचार

चित्रकला, संगीत, नृत्य, हस्तव्यवसाय इ. सर्जनशील कृतींचा आरोग्यासाठी केलेला पद्धतशीर उपयोग. ही संज्ञा इंग्रजीत ब्रिटिश चित्रकार एड्रिअन हिल यांनी १९४२ मध्ये रूढ केली. क्षयरोगाने आरोग्यधामात असताना त्यांना चित्रे काढण्याचा लाभ जाणवला होता. कृतीत मन गुंतल्याने ताण हलका होतो, अव्यक्त भावनांना वाट मिळते व समूहात एकाकीपण घटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या यूरोप विभागाने २०१९ मध्ये ३,००० हून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन कलांची ही उपयुक्तता नमूद केली.

महाराष्ट्रात बाबा आमटे यांच्या महारोगी सेवा समितीने (स्था. १९४९) वरोड्याजवळ (जि. चंद्रपूर) वसविलेल्या आनंदवनात कुष्ठरोगमुक्त व अपंग व्यक्ती विणकाम व हस्तव्यवसाय करतात, ‘स्वरानंदवन’ हा तेथील वाद्यवृंद आहे. कुष्ठरोगात मज्जातंतूंना इजा होऊन हातापायांची संवेदना जाते व जखम झाली तरी वेदना कळत नाही. म्हणून अशा रुग्णाच्या अवजारांच्या मुठी जाड व मऊ करणे आणि त्याचे हात रोज तपासणे आवश्यक ठरते. औषधाने जंतू नष्ट होतात. समाजाने नाकारलेल्या माणसाचा आत्मविश्वास मात्र औषधाने परत येत नाही. कलोपचाराचे खरे कार्य तेथे सुरू होते. तो औषधोपचारास पर्याय नसून पूरक होय.