आपत्कालीन सरकारी खरेदी व मक्ते

दुष्काळनिवारणास साह्य करणाऱ्या व्यापारी, जमीनदार व इतर दात्यांस आपल्या पैशाचें धान्य कसें होतें, हें जाणण्याचा हक्क आहे. सरकारी खरेदीसही तोच न्याय लागू आहे. कारण तोही रयतेचाच पैसा होय.

या खरेदींत विलंब व बेसावध घाई हे दोन दोष वारंवार घडतात. सन १८६६ च्या ओरिसांतील दुष्काळांत, खासगी व्यापार आपोआप धान्य आणील या भरंवशावर बंगालच्या रेव्हेन्यू बोर्डानें बाहेरून तांदूळ आणविण्याचें लांबणीवर टाकलें. पुढें तांदूळ मागविला, तों पावसाळा लागून तो किनाऱ्यावर उतरविणें दुरापास्त झालें. सुमारें दहा लक्ष माणसें प्राणांस मुकलीं. या अनुभवानें सावध झालेल्या सरकारनें सन १८७३-७४ मध्यें बिहारसाठीं ब्रह्मदेशाहून वेळेवर तांदूळ आणविला. मनुष्यहानि फारशी झाली नाहीं, मात्र सुमारें एक लक्ष टन धान्य शिल्लक उरलें.

घाईचें उदाहरण अलीकडील असून तें अमेरिकेसारख्या संपन्न देशाचें आहे. सन २०१७ मध्यें पोर्तो रिको बेटावर ‘मारिया’ वादळ कोसळल्यावर तेथील आपत्तिनिवारण खात्यानें ३ कोटी जेवणांचा, १५ कोटी ६० लक्ष डॉलरांचा मक्ता, एवढ्या कामाचा अनुभव नसलेल्या एका मक्तेदारास दिला. ज्या मुदतींत १ कोटी ८५ लक्ष जेवणें पोंचावयाचीं, तींत केवळ ५० हजार पोंचलीं व मक्ता रद्द करावा लागला.

आपल्याकडे सन २००५ च्या आपत्ति व्यवस्थापन कायद्याच्या ५० व्या कलमान्वयें, टेंडर मागविण्याची नेहमींची रीत सोडून तातडीची खरेदी करितां येते, व अधिकाऱ्याचा विनियोगाचा दाखला हिशेबास ग्राह्य धरला जातो. विलंब टाळण्यास ही सवलत इष्टच आहे. परंतु टेंडराबरोबर दरांची तुलनाही जाते. म्हणून मालाची प्रत, दर, वाहतूक व मक्तेदाराची ऐपत हीं सुकाळांतच, चढाओढीनें व चौकशीअंतीं ठरवून ठेवावीं, म्हणजे संकटसमयीं केवळ मागणीपत्र पाठविणें उरेल. सारा भार एकाच मक्तेदारावर टाकूं नये. माल पोंचल्या ठिकाणीं वजन व प्रत पाहूनच पैसे द्यावे. आणि कोणाकडून, काय दरानें, किती घेतलें, हें छापून प्रसिद्ध करावें.

तरी व्यापारीबंधूंनीं आपणांस किती धान्य, किती दिवसांत, कोणत्या दरानें देतां येईल, हें जिल्हाधिकाऱ्यांस आगाऊ लेखी कळवावें. जमीनदारांनीं आपलीं गोदामें व मालमोटारी यांची माहिती द्यावी. आणि दात्यांनीं आमच्याकडे तसाच सरकाराकडेही हिशेब मागावा, अशी कमिटीची सविनय विनंति आहे.