तीन वर्षं आधी काढलेली चिठ्ठी

जर्मनीच्या पूर्व टोकाला, पोलंड आणि चेक देशाच्या सीमा जिथे जवळ येतात, तिथे हेर्नहुट नावाचं एक छोटं गाव आहे. तिथल्या एका जुन्या वाड्यात दरवर्षी वसंत ऋतूत मोरेव्हियन मंडळीची काही जबाबदार माणसं एका भांड्याभोवती बसतात. भांड्यात अठराशेहून थोड्या जास्त चिठ्ठ्या असतात आणि प्रत्येकीवर नुसता आकडा. चिठ्ठी निघते, आकडा वाचला जातो, यादीत त्या आकड्यापुढे जुन्या करारातलं कोणतं वचन आहे ते पाहून एका तारखेसमोर मांडलं जातं. मग पुढची तारीख. वर्षाचे सगळे दिवस भरेपर्यंत हेच चालतं, आणि ते वर्ष चालू नसतं, पुढचंही नसतं. तीन वर्षांनी येणाऱ्या वर्षाची ही तयारी असते. मधला काळ भाषांतराला आणि छपाईला लागतो, कारण हे चिमुकलं पुस्तक आज साठाच्या आसपास भाषांत निघतं.

जुन्या करारातलं वचन असं चिठ्ठीने ठरतं. त्याच्या जोडीला नव्या करारातलं वचन मात्र माणूस निवडतो. संपादक निघालेलं वचन समोर ठेवतो, त्याच्याशी बोलणारं दुसरं शोधतो आणि खाली एखादी प्रार्थना किंवा गीताचं कडवं देतो. अर्धं काम नशिबावर, अर्धं अकलेवर. नशीब हा शब्द अर्थात हेर्नहुटकरांना आवडणार नाही.

ही पद्धत जवळजवळ तीनशे वर्षं चालू आहे. बोहेमिया आणि मोरेव्हिया या प्रांतांत यान हुसच्या विचारांतून निघालेला एक ख्रिस्ती बंधुसंघ होता. हुसला 1415 साली जिवंत जाळलं, संघ 1457 साली उभा राहिला, आणि पुढच्या शतकांत कॅथलिक राजसत्तेने त्याला जवळपास संपवलं. उरलेली काही कुटुंबं रातोरात सीमा ओलांडून सॅक्सनीत आली. निकोलाउस लुडविग फॉन त्सिन्त्सेनडॉर्फ या तरुण काउंटने त्यांना आपल्या जहागिरीत जागा दिली. 17 जून 1722 रोजी ख्रिस्तियान डेव्हिड या सुताराने वस्तीसाठी पहिलं झाड तोडलं. पाच वर्षांत वस्ती वाढली आणि भांडणंही वाढली. छळ सोसून आलेली माणसं एकमेकांशी गोडीने राहतातच असं नाही. 13 ऑगस्ट 1727 च्या प्रभुभोजनाच्या वेळी मनं एकदाची जुळली. त्याच महिन्यात रात्रंदिवस आळीपाळीने प्रार्थनेची साखळी सुरू झाली.

3 मे 1728 च्या संध्याकाळी गाण्याच्या बैठकीत त्सिन्त्सेनडॉर्फने दुसऱ्या दिवसासाठी म्हणून एक ओळ दिली. सकाळी ती गावातल्या बत्तीस घरांत पोचवली गेली. मग हा रोजचा रिवाज झाला. एक भाऊ दारोदार जायचा, दिवसाचं वचन सांगायचा आणि जाता जाता घरातल्या माणसांची खुशालीही विचारायचा. फौजेत पहारेकऱ्यांना परवलीचा शब्द देतात, त्यावरून या वचनाला ‘लोझुंग’ हे नाव पडलं. 1731 साली वर्षभराची वचनं पहिल्यांदा पुस्तकरूपात छापली. माणसं दूरदेशी जाऊ लागली होती, तिथे दार वाजवायला कोण जाणार? कॅरिबियन बेटांकडे पहिले दोन मिशनरी 1732 सालीच निघाले.

आपल्याकडच्या वाचकाला चिठ्ठीचं हे प्रकरण तसं परकं वाटू नये. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात. गुरव मूर्तीला कळे किंवा तांदळाचे दाणे लावतो, गाऱ्हाणं घालतो, आणि उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. रामचरितमानसाच्या कित्येक प्रतींत रामशलाकेचा तक्ता असतो, त्यात डोळे मिटून बोट ठेवायचं. बायबलमध्येही चिठ्ठ्या आहेत. यहूदाच्या जागी मत्थिया हा प्रेषित चिठ्ठीनेच निवडला गेला, आणि नीतिसूत्रांच्या सोळाव्या अध्यायात चिठ्ठीचा निकाल परमेश्वराच्या हाती असल्याचं सांगितलं आहे. मोरेव्हियन लोकांनी हे फारच मनावर घेतलं. कोणाला कुठल्या मुलखात पाठवायचं, पद कोणाला द्यायचं, इतकंच काय, लग्न करावं की नाही हेही ते चिठ्ठीला विचारत. तरुण पिढी कुरकुरू लागली. सामान्य सभासदांच्या लग्नातली सक्तीची चिठ्ठी 1818 च्या सुमाराला गेली, बाकीच्याही हळूहळू गेल्या.

एकच टिकली. मला तिच्या टिकण्यात अर्थ दिसतो. बाकीच्या चिठ्ठ्यांना माणूस प्रश्न विचारत होता. या चिठ्ठीला कोणीच काही विचारत नाही. तीन वर्षांनंतरच्या एखाद्या मंगळवारी कोणाच्या घरी काय वाढून ठेवलंय, हे भांड्याभोवती बसलेल्यांना ठाऊक नसतं आणि ते ओळखण्याचा त्यांचा दावाही नसतो. ते वचन माझ्यासाठी काढलेलं नाही, माझ्या मनासारखं तर मुळीच नाही, आणि त्याच सकाळी ते लाखो लोक वाचत असतात. कौलात आणि लोझुंगमध्ये फरक असेल तर तो एवढाच, आणि एवढा मोठा. विश्वास म्हणजे उत्तर आगाऊ मिळणं अशी ज्याची समजूत आहे, त्याला या पुस्तकातून काहीच हाती लागत नाही.

निर्गमच्या सोळाव्या अध्यायात रानात मान्ना, म्हणजे आकाशातून येणारं अन्न, पडतो त्यालाही हीच शिस्त आहे. रोजचा रोज गोळा करायचा. उद्यासाठी म्हणून साठवला की त्यात किडे. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट. प्रभूच्या प्रार्थनेतही मागणी आजच्या भाकरीची आहे, वर्षाच्या बेगमीची नाही.

हे पुस्तक वापरणाऱ्यांत नाना तऱ्हेची माणसं होती. लोखंडी चॅन्सलर म्हणून ओळखला जाणारा बिस्मार्क त्याच्या पानांवर टिपणं करी. पण पुस्तकाची खरी परीक्षा झाली ती हिटलरच्या काळात.

डीट्रिख बोनहोफर हा बर्लिनचा तरुण धर्मशास्त्रज्ञ जून 1939 मध्ये न्यूयॉर्कला पोचला. मित्रांनी त्याला युद्धापासून वाचवण्यासाठीच तिकडे बोलावलं होतं. रोजनिशीत तो लोझुंगचा उल्लेख करतो, अस्वस्थतेचाही. 20 जूनला त्याने तिथली नोकरी नाकारली. त्यानंतर काही दिवसांनी 2 तीमथ्य वाचताना एक वाक्य त्याला लागलं: पौल तुरुंगातून तीमथ्याला हिवाळ्याआधी येऊन पोचण्याची गळ घालतो. बोनहोफरच्या मनातून ते जाईना. पण ते स्वतःला लावून घेणं हा पवित्र शास्त्राचा गैरवापर तर नव्हे, हेही त्याने स्वतःशी तपासून पाहिलं. क्रम महत्त्वाचा आहे. निर्णय आधी झाला होता, वचन नंतर आलं. वचनाने त्याला वाट दाखवली असं म्हणणं सोयीचं, पण खरं नाही; त्याने स्वतः धरलेल्या वाटेवर वचनाने सोबत केली. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तो परतीच्या बोटीवर होता.

हिटलरला मारण्याचा कट 20 जुलै 1944 रोजी फसला. त्या कटवाल्यांशी जोडलेला बोनहोफर तेव्हा आधीच टेगेलच्या तुरुंगात होता, आणि आता आपलं काय होणार याची त्याला कल्पना होती. दुसऱ्या दिवशी मित्राला लिहिलेल्या पत्रात तो कालच्या आणि आजच्या लोझुंगकडे वळतो. एक वचन रथांवर आणि घोड्यांवर भिस्त ठेवणाऱ्यांविषयी, दुसरं तेविसाव्या स्तोत्रातलं, मेंढपाळाचं. पुढच्या वर्षी 8 एप्रिलला, ईस्टरनंतरच्या रविवारी, शोनबर्ग गावच्या शाळेत कोंडलेल्या कैद्यांनी त्याला उपासना घ्यायला लावली. त्याने बोलायला घेतलं ते त्या दिवसाचंच वचन: यशयाचा त्रेपन्नावा अध्याय आणि 1 पेत्रातली जिवंत आशा. उपासना संपते न संपते तोच त्याला न्यायला माणसं आली. दुसऱ्या दिवशी पहाटे फ्लोसेनब्युर्ग छावणीत त्याला फाशी दिलं.

ही कथा ख्रिस्ती जगात पुष्कळदा सांगितली जाते. योखेन क्लेपरची तेवढी सांगत नाहीत, आणि ती का सांगत नाहीत हे उघड आहे.

क्लेपर पत्रकार, कादंबरीकार आणि गीतकार होता. त्याची गीतं जर्मन चर्चमध्ये आजही गातात. त्याची पत्नी हान्नी जन्माने ज्यू, पहिल्या लग्नाच्या दोन मुली असलेली विधवा. त्या लग्नापायी 1937 साली त्याला लेखक म्हणून काम करण्याची बंदी आली. त्याची रोजनिशी पाहिली तर दिवसाची नोंद बायबलच्या वचनाने उघडते, कितीदा तरी लोझुंगनेच, आणि खाली सरकारी कचेऱ्यांच्या खेपा, अर्ज, भीती, बागेतली फुलं. थोरली मुलगी 1939 साली इंग्लंडला निसटली. धाकट्या रेनाटेसाठी तो शेवटपर्यंत दारं ठोठावत राहिला. 10 डिसेंबर 1942 रोजी तो ज्यूंच्या हद्दपारीचा कारभार पाहणाऱ्या खुद्द आइखमानसमोर उभा होता. तिला देश सोडण्याची परवानगी मिळाली नाही. त्याच रात्री तिघांनी मिळून आपलं आयुष्य संपवलं.

रोज न चुकता वचन वाचणाऱ्या माणसाचा असा शेवट झाला. ‘रोज एक वचन वाचा आणि चमत्कार पाहा’ असं सांगणाऱ्यांनी ही रोजनिशी एकदा उघडावी. क्लेपरचा विश्वास कमी पडला असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. शेवटच्या नोंदीतही तो ख्रिस्ताकडेच पाहत होता. वचनाने त्याला वाचवलं नाही. इतक्या वर्षांच्या अंधारात तो दर दिवशी जे बोलू शकला, ते मात्र त्या वचनाच्या आधाराने.

हेर्नहुटचे लोक आपल्या देशातही आले. 1760 मध्ये ते तमिळ किनाऱ्यावर तरंगमबाडीला उतरले, पण ते काम पुढे आटोपलं. हिमालयातलं मात्र टिकलं. हाइडे आणि पागेल हे दोघे मिशनरी निघाले होते मंगोलियाला. वाट मिळेना म्हणून ते लाहौलमध्ये थांबले, आणि 1856 मध्ये केलाँगला त्यांचं ठाणं झालं. ज्या मुलखात जायचं तो कधी दिसलाच नाही; हाइडेने हिमालयात पन्नास वर्षं काढली. बाप्तिस्मे झाले बोटांवर मोजण्याइतके. हाइडेची पत्नी मारिया हिने तिथल्या बायकांना विणकाम शिकवलं. अटल बोगद्यातून पलीकडे जाणारे आपले पर्यटक जे रंगीत लाहौली मोजे घेऊन येतात, त्यांचा उगम तिथला. लेहला 1885 साली स्थापन झालेली मोरेव्हियन मंडळी आजही आहे.

महाराष्ट्राशी त्यांचा धागा जरा वळसा घेऊन येतो. वर्षाच्या शेवटच्या रात्री जागून उपासना करण्याची प्रथा हेर्नहुटला 1733 मध्ये दिसते. मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली 1738 साली हेर्नहुटला जाऊन आला, आणि जागरणाची उपासना मेथडिस्ट लोकांत रुजली. मेथडिस्ट विल्यम टेलर 1871 मध्ये मुंबईला आला. आज 31 डिसेंबरच्या रात्री पुण्या-मुंबईतल्या कितीतरी मंडळ्यांत उपासना संपल्यावर ताटात वचनाची कार्डं ठेवलेली असतात. रांगेने यायचं, एक उचलायचं, तेच वर्षाचं वचन. कार्ड पाकिटात, बायबलच्या पानांत किंवा देव्हाऱ्याच्या जागी टांगलेल्या क्रूसाखाली जातं. कोणी हळूच दोन उचलून बरं वाटेल ते ठेवतं, हेही मी पाहिलं आहे.

त्या ताटात यहेज्केलची शापवाणी नसते, विलापगीतातला आक्रोश नसतो, ईयोबाचं भांडण नसतं. हेर्नहुटचं भांडंही निवडलेल्या वचनांचंच, पण तिथल्या निवडीत कठोर बोल अधिक सोसले जातात. आपल्या कार्डांवर सर्वांत जास्त दिसतं ते यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन: देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, पुढे आशा आहे. सोनेरी अक्षरं, मागे सूर्योदय. परीक्षेला बसलेल्या मुलांपासून व्हिसाच्या रांगेतल्या इंजिनिअरपर्यंत सगळ्यांना ते आपलं वाटतं.

ते वचन एका पत्रातलं आहे. यरुशलेमहून बाबेलला पकडून नेलेल्यांना यिर्मयाने ते पाठवलं होतं. दोन वर्षांत घरी परताल असं सांगणारा हनन्या नावाचा संदेष्टा तेव्हा लोकप्रिय होता. यिर्मया लिहितो, सत्तर वर्षं लागतील. तोवर घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या शहराने तुम्हाला कैद करून नेलं त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. हे सगळं अकराव्या वचनाच्या आधी आहे. ज्यांच्या हाती ते पत्र पडलं त्यांतल्या बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता, आणि पत्राने ते त्यांच्यापासून लपवलेलं नाही.