वर्गणीची सतरंजी : रंग नको, वीण पाहा!

शहापूर-मुरबाड भागातील आपल्या वस्त्यांत सतरंजी ही एकट्या घराची वस्तू नसते. लग्न, नामकरण, जयंती, पुण्यानुमोदन, वर्षावासातील ग्रंथवाचन, सगळीकडे तीच अंथरली जाते. ती येते वर्गणीतून. वीटभट्टीवर, शेतावर, कारखान्यात राबणाऱ्यांचा पैसा त्यात असतो. म्हणून खरेदीला जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी नक्षीआधी वीण पाहावी, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

सतरंजीत उभे धागे ताणलेले असतात. त्यांतून आडवे धागे घालून पंजाने ठोकून बसवतात. पायाखालची झीज आडवा धागा सोसतो. ताण उभा धागा धरतो. ठोकणी घट्ट असेल तर उभा धागा पूर्ण झाकला जातो. वीण विरळ असेल तर बारीक माती आत शिरते आणि पावलागणिक धागा घासते.

दुकानात पुढील गोष्टी तपासा. सतरंजी उजेडासमोर धरा. उजेड आरपार दिसला तर वीण विरळ आहे. नखाने आडवे धागे सरकवून पाहा. सहज सरकले तर ठोकणी कच्ची. एक धागा उलगडून पाहा. दोन-तीन पदर पिळलेला धागा एकपदरीपेक्षा टिकतो. ओला पांढरा रुमाल घासून रंग पाहा. काठाचे उभे धागे जास्त मजबूत असावेत आणि टोकांच्या गाठी पक्क्या असाव्यात, कारण उसवणे तिथूनच सुरू होते. एकाच मापाच्या दोन सतरंज्यांचे वजन करून भाव ठरवा. मात्र खळीने आलेला कडकपणा आणि वजन पहिल्या धुण्यात निघून जाते, हे विसरू नका.

कृत्रिम धाग्याची चटई आपल्या पावसाळ्यात लवकर वाळते, हा तिचा गुण. पण मेणबत्ती किंवा अगरबत्तीची ठिणगी पडली की ती वितळते. सुती सतरंजी बसायला चांगली. पण ओली गुंडाळली तर कुजते.

गालिच्याची गोष्ट वेगळी. हाताने विणलेल्या गालिच्यात प्रत्येक गाठ उभ्या धाग्याला बांधलेली असते. स्वस्त गालिच्यात लोकर कापडात नुसती टोचून मागून रबरी चिकाने चिकटवतात. चीक वाळून भुगा झाला की लोकर सुटते. गालिचा उलटून पाहा : पाठीवर तीच नक्षी गाठींसह दिसली तर तो विणलेला; पाठीवर कापड चिकटवलेले असेल तर सावध राहा.

विणकामाशी आपला इतिहासही जोडलेला आहे. मुंबईच्या गिरण्यांत धागा तुटला की तो तोंडाने ओढावा लागे. या सबबीखाली अस्पृश्य कामगारांना चांगल्या पगाराच्या विणकाम खात्यात घेत नसत. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी या अन्यायाविरुद्ध आवाज उठवला. ज्या विणीपासून आपल्याला दूर ठेवले, तिची पारख आपल्याला हवीच.

सतरंजी घरी आणल्यावर तिची मंडळाच्या जडसंग्रह नोंदवहीत तारीख, माप, वजन आणि किंमत घालून नोंद करा. कोणी नेली, कधी परत केली, तेही लिहा. घडी न घालता गुंडाळून उंचावर ठेवा, कारण घडीच्या रेषेवर धागा आधी तुटतो. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर ऊन दाखवा. काठ उसवताच दोन टाके घाला. वर्गणी देणाऱ्या मायबहिणींना हिशोब हवा असतो. वर्षानुवर्षे टिकलेली सतरंजी हा त्यांना दिलेला सर्वांत चांगला हिशोब होय.