आधी दळण, मग यंत्र

चकलीची भाजणी गिरणीत देताना आई डब्यावर चिठ्ठी चिकटवायची: ‘बारीक’. थालीपीठाच्या भाजणीच्या डब्यावर ‘जाडसर’. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली तर दोन्ही पदार्थ बिघडतात, हे आमच्या घरात कोणाला समजावून सांगावं लागत नसे. तरीही सहा वर्षांपूर्वी एस्प्रेसोचं यंत्र घेताना मी सगळे पैसे यंत्रावर घातले आणि कॉफीच्या बिया मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात फिरवल्या. पहिला कप आंबट लागला, आणि त्याच घोटात कडूही. दोन महिने मी यंत्राला दोष देत राहिले. दोष दळणाचा होता.

दिवाळीच्या सवलतींत यंत्रं स्वस्त होतात आणि दर वर्षी कोणी ना कोणी मला विचारतं, कुठलं घेऊ? माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी ग्राइंडर ठरवा, उरलेल्या पैशांत यंत्र. तीस हजार हाताशी असतील तर निम्मे ग्राइंडरवर घालायला कचरू नका.

एस्प्रेसोचा ढोबळ हिशेब असा: १८ ग्रॅम पूड, तिच्यातून उतरलेली ३६ ग्रॅम कॉफी, वेळ २५ ते ३० सेकंद, पाणी ९० अंश सेल्सिअसच्या थोडं वर, आणि दाब ९ बार. आपल्या स्वयंपाकघरातला प्रेशर कुकर शिट्टी देतो तेव्हा आत बाहेरच्यापेक्षा साधारण १ बार दाब जास्त असतो. नऊ बार म्हणजे तीस मजली इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी थेट तळमजल्याच्या नळाला ज्या जोराने येईल, तो जोर. एवढ्या जोराच्या पाण्याला अडवायला असते फक्त दाबून बसवलेली पुडीची चकती. पंप दाब देतो असं आपण म्हणतो, पण चकतीने अडवलंच नाही तर दाब तयार होत नाही. पूड जाड असेल तर पाणी दहा सेकंदांत निसटतं आणि कॉफी आंबट, पातळ लागते. फार बारीक असेल तर थेंबथेंब गळते आणि कडवट होते. मिक्सरचं पातं बी कापत नाही, फोडतं. त्यामुळे भांड्यात रवा आणि मैदा एकत्रच निघतात. माझ्या त्या पहिल्या कपातला आंबट आणि कडू यांचा संगम तिथून आला होता.

बर ग्राइंडर जात्यासारखा चालतो. दात असलेल्या दोन तळ्या, त्यांच्यामध्ये ठरवलेली फट, आणि त्या फटीतून जाईल तेवढाच कण खाली पडतो. एस्प्रेसोसाठी ही फट अगदी थोडीथोडी बदलता आली पाहिजे. खरेदी करताना विचारायचा प्रश्न हाच. किनग्राइंडरच्या के-६ या हाताने फिरवायच्या ग्राइंडरमध्ये एका टिकेला फट सुमारे १६ मायक्रॉनने बदलते, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण पाव भागाने. एक टिक इकडे-तिकडे केली की कॉफी उतरण्याची वेळ काही सेकंदांनी बदलते. ज्या ग्राइंडरच्या दोन खाचांमधलं अंतर मोठं आहे, त्यात एका खाचेवर कॉफी धावते आणि पुढच्या खाचेवर तुंबते. मधली, हवी असलेली जागा त्यात नसतेच. खोक्यावर ‘एस्प्रेसोसाठी’ असं छापलेलं असलं तरी हे तपासून घ्यावं.

हाताचा की विजेचा? कमी पैशांत हाताचा निर्विवाद सरस. मोटारीचे पैसे वाचतात ते तळ्यांच्या पोलादात आणि आसाच्या नेमकेपणात जातात. दहा हजारांच्या पुढेमागे मिळणारा चांगला हातग्राइंडर त्याच किमतीच्या विजेच्या ग्राइंडरपेक्षा अधिक एकसारखं दळतो. पण १८ ग्रॅम बिया एस्प्रेसोइतक्या बारीक करायला मिनिटभर जोर लावावा लागतो, आणि हलक्या भाजलेल्या बिया फारच कडक असतात. घरात चौघांना कॉफी लागत असेल किंवा मनगट, खांदा दुखत असेल, तर थोडे पैसे साठवून विजेचाच घ्या. दुखऱ्या हाताने रोज दळण होत नाही, आणि ग्राइंडर कपाटात जातो.

कोरड्या हवेत पूड ग्राइंडरच्या भिंतींना चिकटते आणि ओट्यावर उडते. दळण्याआधी बियांवर पाण्याचा एखादा थेंब शिंपडून हलवलं की हे बरंच थांबतं. अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठात ख्रिस्टोफर हेंडन यांच्या गटाने २०२३ साली यामागची स्थिर विजेची कारणं तपासून प्रसिद्ध केली. पुण्याच्या उन्हाळ्यात मला या युक्तीचा रोज उपयोग होतो.

आता यंत्र. स्वस्त यंत्रांच्या खोक्यावर ठळक अक्षरात १५ बार लिहिलेलं असतं. तो पंपाचा कमाल जोर आहे. कॉफीला ९ पुरतात, म्हणून त्या आकड्यासाठी एक रुपयाही जास्त मोजू नका. त्यापेक्षा सोबत आलेली, पूड भरायची जाळी उलटी करून पाहा. खालच्या बाजूला एकच सूक्ष्म छिद्र असेल तर ती दुहेरी तळाची जाळी. तिच्यात अडवण्याचं काम पूड नव्हे, ते छिद्र करतं. त्यामुळे कशीही दळलेली पूड चालते, वर भरपूर फेसही येतो. मिलानच्या अकिले गॅजिया यांनी १९३८ साली पेटंट घेतलं आणि महायुद्धानंतर दांड्याने दाब देणारी यंत्रं काढली, तेव्हा कॉफीवर प्रथमच सोनेरी साय दिसली. ती दाबाखाली पुडीतून सुटणाऱ्या वायूची आणि तेलांची होती. दुहेरी जाळीचा फेस दिसतो तसाच, पण चव पातळच राहते. एकेरी तळाची जाळी सोबत येते का, नसल्यास त्या मापाची वेगळी मिळते का, हे दुकानातच विचारा. डेलाँगीच्या डेडिकासारख्या छोट्या यंत्रांना ५१ मिलिमीटरची जाळी लागते, गॅजिया क्लासिकला ५८ची. ५८ हे कॅफेतल्या यंत्रांचंही नेहमीचं माप असल्याने त्याचं सुटं सामान सहज मिळतं. क्लासिक १९९१पासून बनतं आहे आणि घरच्या घरी उघडून दुरुस्त करता येतं. तीस हजारांत ते नवं बसत नाही, पण चांगल्या स्थितीतलं वापरलेलं मिळालं तर मी नव्या प्लॅस्टिकच्या यंत्राआधी तेच घेईन.

घरात दूध घातलेलीच कॉफी चालत असेल तर वाफेच्या नळीशिवाय भागणार नाही. काळी पिणाऱ्यांनी मात्र फ्लेअरसारखं हाताच्या दांड्याचं यंत्र जरूर पाहावं. त्यात वीज नाही, पंप नाही, बिघडायला फारसं काहीच नाही. किटलीत पाणी उकळायचं आणि दाब आपल्या हाताने द्यायचा. वाचलेले सगळे पैसे ग्राइंडरमध्ये जातात, म्हणून एकट्या काळी कॉफीवाल्याला मी हीच जोडी सुचवते. आणि ज्यांना रोज दळायचंच नाही त्यांनी एस्प्रेसोच्या वाटेला न जाता मोका पॉट घ्यावा. आल्फोन्सो बियालेत्ती यांनी १९३३ साली आणलेलं ते भांडं तयार पुडीतूनही दाट, समाधानाची कॉफी देतं.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून यंत्र मागवणाऱ्यांसाठी सांगते: तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०ची. यंत्र थेट लावलं तर जळेल, आणि हजार-दीड हजार वॉटचं यंत्र चालवणारा ट्रान्सफॉर्मर यंत्राइतकाच ओटा अडवतो. माझ्या मावसबहिणीने हौसेने आणलेलं यंत्र अजून खोक्यात आहे. युरोपातल्या यंत्रांना ही अडचण नाही, फक्त प्लग बदलावा लागतो. इथे दुरुस्ती कोण करणार, हा प्रश्न मात्र दोन्हींना लागू आहे.

पाण्याकडेही लक्ष द्या. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी आतल्या बारीक नळ्यांत क्षार साठवतं, आणि बाहेरून काही दिसायच्या आधीच यंत्र गुदमरतं. दर दोन-तीन महिन्यांनी, यंत्राच्या पुस्तिकेनुसार चालत असेल तर, सायट्रिक अॅसिडचं पाणी फिरवून ते साफ करावं. आरओ गाळणीचं अगदी क्षारमुक्त पाणी घातलं तर कॉफी बेचव लागते. मी नळाचं आणि गाळणीचं निम्मं-निम्मं घालते.

हिशेबात ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटाही धरा. त्याच्याशिवाय चूक कुठे झाली हेच कळत नाही. बियांच्या पाकिटावर भाजल्याची तारीख असली पाहिजे. भाजल्यापासून आठ-दहा दिवस थांबून पुढच्या महिनाभरात संपवाव्यात. चिकमगळूरच्या मध्यम भाजलेल्या बियांपासून सुरुवात करावी. थोडा रोबस्टा असेल तर साय दाट येते आणि नवशिक्याच्या चुकाही पोटात घातल्या जातात.

माझ्या ग्राइंडरशेजारी आता एक वही असते. तारीख, बियांचं नाव, किती टिका, किती सेकंद. नवं पाकीट उघडलं की पहिले दोन-तीन कप आकडा शोधण्यात जातात, आणि मग एका सकाळी कॉफी मधासारखी एका धारेत उतरते. त्या आकड्याभोवती मी पेन्सिलीने गोल काढते. गेल्या आठवड्यात आईने ती वही पाहिली, पानं उलटली आणि म्हणाली, “अगं, ही तर गिरणीच्या डब्यावरची चिठ्ठी.”