घरखरेदी आणि मालकीहक्काचा शोध

प्रस्तावना :

महाराष्ट्रात घर विकत घेण्यापूर्वी वकिलाकडून ‘सर्च रिपोर्ट’ घेण्याची पद्धत रूढ आहे. अनेक खरेदीदार मात्र त्याकडे गृहकर्जासाठी बँकेने मागितलेला एक कागद म्हणूनच पाहतात. वास्तविक मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ३ नुसार नोंदणीकृत दस्ताची माहिती खरेदीदारास आहे असेच गृहीत धरले जाते. दस्त पाहिला नव्हता, हा बचाव टिकत नाही.

शोधाचे स्वरूप :

वकील दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक २ साधारणतः मागील ३० वर्षांपर्यंत तपासतो. तीत खरेदीखत, बक्षीसपत्र, नोंदणीकृत गहाणखत इत्यादींच्या नोंदी आढळतात व मालकी कोणाकडून कोणाकडे गेली याची साखळी जुळविता येते. सोबत सातबारा व फेरफार, शहरी भागात मिळकत पत्रिका पाहिली जाते. ‘इतर हक्क’ या रकान्यात कर्जाचा बोजा दिसू शकतो. सातबारा म्हणजे मालकीचा पुरावा, हा समज मात्र सुशिक्षितांतही आढळतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे ही नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, एवढेच. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही.

शोधाच्या मर्यादा :

जे दस्त नोंदविलेच जात नाहीत, ते सूचीत कोठून दिसणार? मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही आणि वारसाहक्क तर मृत्यूबरोबरच, दस्ताविना प्राप्त होतो. समजा, वडिलांच्या पश्चात वारसनोंदीत केवळ मुलांची नावे लागली व त्यांनी घर विकले. सूची स्वच्छ दिसते, सातबाराही स्वच्छ दिसतो. तथापि हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे मुलगीही प्रथम वर्गातील वारस असल्याने तिने सोडून न दिलेला हिस्सा तिचाच राहतो आणि खरेदीदाराच्या वाट्यास वाटपाचा दावा येतो. म्हणूनच जाणता वकील वंशावळ व बहिणींचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागतो, तसेच वृत्तपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवितो.

प्रत्यक्ष ताब्याचेही तसेच आहे. घरात विक्रेत्याखेरीज अन्य कोणी राहत असल्यास त्याच्या हक्काची जाणीव खरेदीदारास होती, असे उपरोक्त कलम ३ मानते. त्यामुळे कागदांइतकीच स्थळपाहणी आवश्यक ठरते.

स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १८(२) ने जमिनीच्या सदोष मालकीमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई विकासकावर टाकली असून त्या दाव्यास मुदतीची आडकाठी नाही. जुने घर मूळ मालकाकडून थेट घेणाऱ्यास मात्र या तरतुदीचा आधार मिळत नाही.