सर, पाय चौदा आहेत!

पावसाळ्यात अंगणातली एखादी वीट उचलावी, तर तिच्याखाली राखाडी रंगाचे चार-सहा जीव हमखास सापडतात. उजेड पडताच काही लगबगीने पळतात, काही जागच्या जागी अंग आवळून गोळी होतात. अक्राणीच्या डोंगरात एका आश्रमशाळेत मी विज्ञान शिकवीत असे, तेव्हा आमची मुले त्यांना ‘गोळीकिडा’ म्हणत. इंग्रजीत त्याला वुडलाऊस, म्हणजे लाकडातली ऊ म्हणतात. खरे तर तो ऊ नाही आणि किडाही नाही. हे मला सातवीतल्या एका मुलीने सांगितले होते. मी मात्र ते ऐकले नाही.

गोष्ट १९९४ च्या पावसाळ्यातली. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातच होते. वेगळा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. वर्ग घेऊन मी शाळेमागच्या सागाखाली गेलो होतो. सापडतील ते जीव आणायचे आणि त्यांचे गट पाडायचे, असा पाठ होता. नियम सोपा करून सांगितला होता : सहा पाय तो कीटक, आठ पाय तो कोळी नाहीतर विंचू, आणि मोजता येणार नाहीत इतके पाय ती गोम किंवा वाणी.

ही मुलगी सागाच्या पानावर गोळीकिडा घेऊन आली.

“सर, पाय चौदा आहेत.”

“नीट मोज. किड्याला सहाच असतात.”

तिने पुन्हा मोजले. चौदाच. मग काडीने त्याला उताणे केले आणि पोटाखालचे पांढुरके दाणे दाखवले. “सर, हा खेकड्याचा आहे. आमच्या झऱ्यातली खेकडी पण पोटाखाली अशीच पिल्लं घेऊन फिरते.”

वर्ग हसला. खोटे कशाला सांगू, मीही हसलो. पुढे चाचणीत तिने तेच लिहिले आणि मी त्यावर लाल फुली मारली. दिवाळीनंतर तिचे आईबाप ऊसतोडीला गुजरातेत गेले. त्यांच्याबरोबर तीही गेली, ती शाळेत परत आली नाही.

दोनेक वर्षांनी प्राणिशास्त्राचा एक जाडजूड ग्रंथ चाळताना हा गोळीकिडा मला भेटला, तो थेट खेकडा, झिंगा आणि कोळंबी यांच्या पंगतीत. कवचधारी प्राण्यांतला ‘आयसोपोडा’ नावाचा त्याचा गण. अर्थ समपाद, म्हणजे ज्याचे पाय सारखे असतात तो. पायांच्या जोड्या सात, म्हणजे पाय चौदा. मादीच्या छातीखाली पातळ पापुद्र्यांची एक पिशवी असते, तिच्यात पाणी असते आणि अंडी त्यात वाढतात. समुद्र सोडून जमिनीवर येताना आईने जणू एक लहानसे तळे पोटाशी बांधून आणले! पिल्ले बाहेर पडतात तेव्हा त्यांना पायांच्या सहाच जोड्या असतात. सातवी कात टाकल्यावर येते. कातही दोन हप्त्यांत निघते : आधी मागच्या अर्ध्या अंगाची, मग पुढच्या.

खेकडी अंडी-पिल्ले सांभाळते ती पोटाच्या घडीखाली, ही छातीखाली. तेव्हा जागा वेगळी. आणि केवळ तेवढ्यावरून नाते ठरतही नाही. पण टणक कवच, डोक्यावरच्या मिशांच्या दोन जोड्या, कल्ल्यांसारखे श्वासाचे अवयव या सगळ्या खुणा एकत्र पाहिल्या की नाते पक्के होते. मुलीचे उत्तर बरोबर होते.

माझी चूक तशी मोठ्या माणसांच्या संगतीतली. वर्गीकरणाचा जनक लिनियस यानेही १७५८ साली या जिवांना ‘पंख नसलेल्या कीटकां’त टाकले होते; एवढेच नव्हे, तर खेकड्यालाही तिथेच बसवले होते. पुढच्या अभ्यासकांनी ही घडी नीट बसवली. आपल्याकडच्या जातींवर वॉल्टर कॉलिंज याने १९१४ पासून कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमच्या नियतकालिकात लेखमाला लिहिली. श्मालफुस या जर्मन शास्त्रज्ञाने १९८४ मध्ये त्यांच्या अंगकाठीवरून गट पाडले : पळणारे, दगडाला घट्ट चिकटणारे, गोळी होणारे, काटेवाले, बिळात सरपटणारे. त्यानेच २००३ मध्ये जगभरच्या जातींची सूची छापली. आज ३,७०० हून अधिक जातींची नोंद आहे.

मात्र अंगकाठीचा गट म्हणजे कूळ नव्हे. गोळी होण्याची युक्ती या जिवांच्या एकाहून अधिक कुळांनी स्वतंत्रपणे साधली आहे. सह्याद्रीच्या ओल्या रानात तर अशीच गोळी होणारा वाणीचा एक भाऊबंद आहे, आणि तो कवचधारी मुळीच नाही. त्याच्या अंगाच्या बहुतेक वळ्यांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात, आपल्या गोळीकिड्याच्या वळ्याला एकच. म्हणून नुसते रूप पाहून भागत नाही. उताणे करावे लागते, मोजावे लागते. त्या मुलीने हेच केले होते. पुस्तक माझ्याकडे होते, पण डोळे उघडे होते ते तिचे.

दुसऱ्याच दिवशी मी नव्या वर्गासमोर चूक कबूल केली. मुले पुन्हा हसली, या वेळी माझ्यावर. बरे वाटले. पण जिला सांगायला हवे होते ती समोर नव्हती, आणि ती लाल फुली खोडायची राहिली ती राहिलीच.

आता निवृत्त होऊन शहाद्याला राहतो. शेजारीपाजारी आवार झाडून पाचोळ्याला काडी लावतात, तेव्हा हा जीव आठवतो. कुजका पाला खाऊन त्याचे खत करायचे काम तो मुकाट्याने करीत असतो. ओल हेच त्याचे जगणे. आगीत पाला जातो, ओल जाते आणि तोही जातो. म्हणून माझ्या अंगणाचा एक कोपरा मी झाडत नाही.

रविवार आहे, पाऊसपाणी असेल तर मुलांना घेऊन एखादी वीट उचलून पाहा. पाय त्यांना मोजू द्या. आकडा तुमच्या अंदाजाहून वेगळा निघाला, तर हसू नका. आपणही खाली बसून मोजा. आणि वीट हळूच होती तशी ठेवा.