चंडीगडमध्ये मजलानिहाय घरांना मनाई का?

फाळणीनंतर लाहोर पाकिस्तानात गेले आणि पंजाबच्या नव्या राजधानीसाठी चंडीगड वसवण्यात आले. ल कॉर्बुझिए यांनी हे शहर पाच लाख लोकसंख्येसाठी आखले होते. २०११ च्या जनगणनेत ती साडेदहा लाखांवर पोहोचली होती.

पहिल्या टप्प्यातील १ ते ३० क्रमांकाची सेक्टर्स कमी उंचीच्या, विरळ वस्तीची आणि सुमारे दीड लाख रहिवाशांपुरती होती. घरांची मागणी वाढली, तसा येथे एक मार्ग रूढ झाला. जुने घर पाडून तीन मजले बांधायचे, मालमत्तेतील हिस्से तिघांना विकायचे आणि प्रत्येकाने एकेक मजला वापरायचा. कागदोपत्री मालकी सामाईक, प्रत्यक्षात मात्र तीन सदनिका. सदनिकांना मुभा देणारे २००१ चे नियम २००७ मध्ये रद्द झाल्यानंतरही हे व्यवहार सुरू राहिले.

एका कुटुंबाच्या जागी तीन आली, की मोटारी, पाणी व सांडपाण्याचा भार वाढतो. रस्ता मात्र तेवढाच राहतो. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२३ रोजी पहिल्या टप्प्यातील अशा विभाजनास मनाई केली. तेथील घनता वाढवावी का, याचा विचार मात्र वारसा समितीकडे सोपवला.

त्यामुळे वारसा सुरक्षित झाला, तरी घरांचा प्रश्न सुटलेला नाही. संपूर्ण भूखंड ज्यांच्या आवाक्याबाहेर आहे, त्यांना मोहाली किंवा पंचकुलाकडे वळावे लागते.